जुन्या ग्राफिक्स कार्डाचे खरे नाव

वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : आमच्या छापखान्यात पेंटियम थ्रीचा एक संगणक केवळ जुन्या कामांसाठी ठेवला आहे. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये, पेजमेकरवर जुळवलेली पुस्तके त्यात आहेत. फॉन्टचे सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय उघडत नाही, त्यामुळे ते नव्या संगणकावर नेता येत नाही. विंडोज ९८ नव्याने टाकल्यापासून पडद्यावर १६ रंग आणि ६४० बाय ४८० एवढेच मिळते. कार्डाची सीडी हरवली असून कार्डावर कंपनीचे नावही नाही. ‘३२ एमबी’ एवढीच चिठ्ठी आहे. ड्रायव्हर कोठे मिळेल?
— एक मुद्रक, मिरज

उत्तर : ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावे यासाठीचा प्रोग्राम, शोधण्यापूर्वी कार्ड कोणते आहे हे ठरवावे लागेल, आणि त्यासाठी चिठ्ठी, खोका किंवा कार्डाचा रंग यांपैकी कशावरही विसंबू नये. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तैवान व चीनमधील अनेक कारखाने एनव्हिडिया, एस थ्री, एसआयएस, ट्रायडेंट यांच्या चिपा घेऊन स्वतःची कार्डे जोडत असत, आणि आपल्याकडे त्यांतील कित्येक खोक्याविनाच विकली गेली. ड्रायव्हरचे नाते मुख्यतः चिपशी असते. कार्ड कोणी जोडले याला त्या मानाने फारसे महत्त्व नाही.

चिपची ओळख कार्डातच नोंदलेली असते. संगणक सुरू होताना, विंडोजचे चित्र दिसण्याच्या आधी, बहुतेक जुन्या मदरबोर्डांवर पीसीआय (कार्डे जोडण्याची प्रमाणित पद्धत) उपकरणांचा एक तक्ता क्षणभर झळकतो. त्या क्षणी कीबोर्डवरील ‘पॉज’ ही कळ दाबल्यास तो स्थिर राहतो. त्यात ‘डिस्प्ले कंट्रोलर’च्या ओळीत चार-चार चिन्हांचे दोन क्रमांक असतात : पहिला चिप बनवणाऱ्याचा, दुसरा त्या चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, म्हणजे आपल्याच जुन्या प्रोसेसरचे नाव तिने येथे वापरले. एस थ्रीने त्याहून गंमत केली आहे : तिचा ५३३३ हा क्रमांक संगणकाच्या अक्षरसंकेतानुसार वाचला, तर इंग्रजी ‘एस’ आणि ‘३’ हीच दोन चिन्हे मिळतात. एटीआयचा १००२ आणि एनव्हिडियाचा १०डीई. आपल्या तक्त्यात १०डीई व ००२डी ही जोडी दिसली, तर ते कार्ड रिव्हा टीएनटी२ मॉडेल ६४ आहे असे निःशंक समजावे. ३२ एमबीच्या स्वस्त कार्डांवर ही चिप सर्रास आढळते, म्हणून माझा पहिला अंदाज तोच आहे. तथापि अंदाजावर काही उतरवून घेऊ नये.

क्रमांक हाती आल्यावर शोध सोपा होतो. ‘३२ एमबी एजीपी ड्रायव्हर’ (एजीपी म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीची खास जोडणी) असे शोधल्यास पैसे मागणारे ‘ड्रायव्हर अपडेटर’ तेवढे समोर येतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये. चिपचे नाव आणि ‘विंडोज ९८’ हे शब्द देऊन आधी चिपच्या कंपनीचे जुने संग्रह पाहावेत. तेथे नसेल, तर इंटरनेट अर्काइव्हवर त्या काळच्या कार्डांसोबत आलेल्या सीडींच्या जशाच्या तशा प्रती ठेवलेल्या आहेत. सुट्या फाइलपेक्षा अशी अख्खी सीडी मला अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात मधल्या कोणाचा हात लागलेला असण्याची शक्यता कमी असते. मिळालेला ड्रायव्हर आपल्याच कार्डाचा आहे का, हे टाकण्यापूर्वीच तपासता येते. त्यातील ‘आयएनएफ’ फाइल साधा मजकूर असतो; ती नोटपॅडमध्ये उघडून चिपचा क्रमांक शोधावा. क्रमांक सापडला नाही, तर ड्रायव्हरचे नाव कितीही जुळत असले तरी तो आपला नव्हे.

सर्वांत नव्या आवृत्तीचा आग्रह येथे धरू नये. एनव्हिडियाने ७१व्या मालिकेनंतर टीएनटी२ला आधार देणेच बंद केले, आणि त्या मालिकेतसुद्धा लक्ष नंतरच्या कार्डांवर होते. आपले कार्ड बाजारात असतानाच्या काळातील, ‘डिटोनेटर’ नावाने निघालेला एखादा मधला ड्रायव्हर पुरेसा आहे. १०२४ बाय ७६८च्या पडद्याला ३२ बिट रंगांत जेमतेम ३ एमबी स्मृती लागते. पाने जुळवण्यासाठी त्या कार्डावर याहून अधिक ताण पडणार नाही.

प्रत्यक्ष कामात दोन अडचणी येतील. विंडोज ९८ला पेन ड्राइव्ह आपणहून ओळखता येत नाही आणि आजची बहुतेक संकेतस्थळे तिच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत; म्हणून फाइल नव्या संगणकावर उतरवून, विषाणूंसाठी तपासून, तेथेच उलगडावी आणि सीडीवर लिहून आणावी. दुसरे, बोर्डावर व्हिया कंपनीचा चिपसेट (प्रोसेसर व इतर भाग जोडणाऱ्या चिपा) असल्यास तिचा ‘फोर इन वन’ हा ड्रायव्हरसंच आधी टाकावा. तो वगळला की एजीपी नीट चालत नाही, संगणक मध्येच गोठतो आणि दोष विनाकारण ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर येतो. आणि हे सारे करण्यापूर्वी त्या हार्ड डिस्कमधील पुस्तकांची प्रत काढून ठेवावी. एवढ्या जुन्या डिस्कचा मला कार्डापेक्षा कितीतरी कमी भरवसा वाटतो.

प्रश्न : माळ्यावर वूडू२ कार्ड सापडले. मॉनिटर जोडला तर पडदा काळाच राहतो, आणि कंपनीचे संकेतस्थळही आता नाही. कार्ड बिघडले असावे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून बिघडले असे म्हणता येणार नाही. १९९८ साली आलेले वूडू२ केवळ त्रिमितीय चित्रे काढते. विंडोजचा नेहमीचा पडदा दाखवणे हे त्याचे कामच नाही. त्यासाठी संगणकात दुसरे साधे कार्ड असावे लागते. त्या कार्डातून निघालेली व्हीजीए केबल वूडू२च्या आत येणाऱ्या तोंडाला, आणि मॉनिटर त्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला जोडावा. खेळ सुरू झाला की वूडू२ पडदा आपल्या ताब्यात घेते.

कंपनीचे म्हणाल तर थ्रीडीएफएक्सने डिसेंबर २०००मध्ये आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले आणि पुढे २००२मध्ये दिवाळखोरी पत्करली. ड्रायव्हरांची जबाबदारी मात्र खरेदीदाराने घेतली नाही. तरीही हे कार्ड अनाथ झालेले नाही, कारण १९९९च्या अखेरीस कंपनीने ‘ग्लाइड’चा, म्हणजे खेळांनी वूडू कार्डाशी बोलण्यासाठीच्या सॉफ्टवेअरचा, मूळ कोड खुला केला होता आणि हौशी मंडळींनी ड्रायव्हर जपून ठेवले. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या तक्त्यात १२१ए व ०००२ ही जोडी दिसल्यावर थ्रीडीएफएक्सचा मूळ संदर्भ-ड्रायव्हर, म्हणजे चिपच्या कंपनीने स्वतः काढलेला ड्रायव्हर, घ्यावा. क्रिएटिव्ह किंवा डायमंड यांच्या कार्डांवरही तो बहुधा चालतो. डॉसवरील एखादाच खेळ बंद पडत असेल, तर त्याच्या फोल्डरमध्ये पहिल्या वूडूसाठीची ग्लाइडची जुनी फाइल पडलेली असते, ती बदलून पाहावी.

प्रश्न : टीएनटी२चे एजीपी कार्ड पेंटियम फोरच्या बोर्डावर लावून ड्रायव्हर टाकला तर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ड्रायव्हरपूर्वी कार्डाच्या कडेची खाच पाहावी. ती मॉनिटर जोडायच्या पत्र्याच्या बाजूस असेल, तर कार्ड ३.३ व्होल्टचे आहे. पेंटियम फोरचे इंटेल ८४५सारखे बोर्ड १.५ व्होल्टच देतात, आणि तेथे असे कार्ड दामटून बसवल्यास बोर्ड जळू शकतो. काही स्वस्त कार्डांवर दोन्ही खाचा असूनही ती ३.३ व्होल्टचीच असत, त्यामुळे दोन खाचांवरही पूर्ण विश्वास ठेवू नये. केवळ पडदा दिसण्यापुरते काम असेल, तर एखादे एस थ्री ट्रायो६४चे पीसीआय कार्ड शोधावे; त्याचा ड्रायव्हर विंडोज ९८च्या सीडीतच आहे.