कॅज्युअल्टीच्या दारात सुटणारा पेशंट

(या अंकासाठी निवडलेल्या दोन्ही पत्रांतील नावे, गावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

प्रश्न : मी बीएएमएस असून कोकणात महामार्गालगतच्या एका तालुक्यात 108 रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काही वर्षे काम करतो आहे. अपघात, सर्पदंश, विषप्राशन, अडलेल्या बाळंतिणी असे सर्व प्रकारचे कॉल येतात, आणि रक्त पाहून मी कधी डगमगलो नाही. गेल्या पावसाळ्यात एका दुचाकीस्वार तरुणाला आम्ही रस्त्यावरून उचलले. त्याचे वडील गाडीत माझ्यासमोर बसले होते. नाडी लागत नव्हती. मी छाती दाबत होतो आणि ते पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘‘डॉक्टर, आहे ना हो?’’ मी ‘‘पोहोचतोच आहोत’’ एवढेच म्हणत राहिलो. कॅज्युअल्टीत हँडओव्हर दिला, कागदावर सही घेतली आणि लगेच पुढच्या कॉलला निघालो. तेव्हापासून अंघोळ करताना, जेवताना तो प्रश्न कानात घुमतो. रात्री उठून झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून पाहतो. घरात कोणी मोठ्याने हसले तरी चीड येते. आमचा पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक, म्हणतो, ‘‘साहेब, मनाला लावून घेऊ नका.’’ पत्नी म्हणते, ही नोकरी सोडा आणि गावात दवाखाना टाका. परंतु मध्यंतरी घाटात गाडी बाजूला घेऊन एक बाळंतपण सुखरूप केले, तेव्हा मला स्वर्ग दोन बोटे उरला होता. मी कमकुवत आहे का? हा आजार आहे का? आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्याचे कळले, तर माझ्या कंत्राटी नोकरीवर गदा येईल का?

उत्तर : डॉक्टर, तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्यावर जास्त शाई खर्च करण्याची गरज नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सावकाश द्यावे लागेल.

तुम्हाला ऐकू येतो तो भास नव्हे. ती आठवण आहे आणि ती आठवण असल्याचे तुम्हाला कळते आहे, हा भेद तुम्ही स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेले असल्यामुळे लक्षात घ्याल. नको असताना परत परत येणारी आठवण, सदैव सावध राहणारे मन, झोपमोड आणि क्षुल्लक कारणावरून येणारा संताप ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांच्यामुळे घर किंवा काम विस्कटू लागले, की आघातोत्तर तणावविकाराचा, म्हणजे पीटीएसडीचा, विचार करावाच लागतो. पावसाळा उलटून गेला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने 2013 च्या आवृत्तीत असे स्पष्टपणे नोंदवले, की स्वतःवर प्रसंग न ओढवताही, कामाचा भाग म्हणून इतरांच्या भीषण प्रसंगांना वारंवार सामोरे जाणाऱ्या व्यक्तीला हा विकार होऊ शकतो, आणि त्याचे उदाहरण म्हणून मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या मदतकर्त्यांचाच उल्लेख केला. पत्रावरून निदान करणे मला मान्य नाही, पण तपासणीला जाण्याइतके कारण तुमच्याजवळ निश्चित आहे.

तुमच्या पत्रात मला अधिक बोलके वाटले ते वेगळेच. तुम्हाला छळतो आहे तो जखमेचा देखावा नाही. छळतो आहे तो एक प्रश्न, ज्याचे उत्तर तुम्ही दिले नाही. महाराष्ट्रात 2014 मध्ये 108 ची सेवा सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर असतो. अनेक राज्यांत ही जबाबदारी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे असते. रुग्णाच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे यात शंका नाही, पण तिचा भार कोण वाहतो हे फारसे कोणी विचारत नाही. रुग्णालयातील डॉक्टरला सिनिअर असतो, सिस्टर असते, नातेवाइकांना बाहेर थांबवणारे दार असते. तुमच्या गाडीत पायलट पुढे, आणि मागे तुम्ही, पेशंट व त्याचे वडील. ‘डॉक्टर’ म्हटल्यावर त्या माणसाने विचारायचे तरी दुसऱ्या कोणाला? पुढच्या वेळी असा प्रसंग आला तर ‘‘नाडी लागत नाही, पण मी थांबलेलो नाही’’ असे शांतपणे सांगून पाहा. हे वाक्य खरे आहे, ते आशा फुगवत नाही आणि खचवतही नाही. नातेवाइकाला त्याने धक्का बसेल. पण खोटे बोलल्याचे ओझे तुमच्या अंगावर राहणार नाही.

दुसरी गोष्ट अशी, की तुमच्या कामात प्रत्येक कहाणी कॅज्युअल्टीच्या दारात तुटते. सही झाली, ट्रॉली आत गेली, स्ट्रेचर पुसून परत गाडीत आले, आणि आत काय झाले हे तुम्हाला कोणी कळवत नाही. अर्धवट राहिलेल्या गोष्टीचा शेवट मन स्वतः रचते, आणि थकलेले मन तो नेहमी आपल्या विरुद्धच रचते : दोन मिनिटे आधी पोहोचलो असतो तर, सक्शन लवकर केले असते तर. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. यंत्रे वर चढवता येत नसल्यामुळे जवानांनी आणि स्वयंसेवकांनी भर पावसात पायी चढून कुदळ-फावड्याने चिखल उपसला. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. तो निर्णय योग्यच होता. पण त्या डोंगरावरून उतरलेल्या माणसाला काम ‘संपले’ असे कसे वाटावे?

म्हणून माझा पहिला सल्ला औषधाचा नाही. त्या तरुणाचे काय झाले हे विचारून घ्या. तुम्ही त्याच रुग्णालयात पुन्हा पुन्हा जाता, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी तुमची ओळख आहे. चहा घेताना सहकारी म्हणून विचारणे आणि कोणाचे केसपेपर चाळणे यांत फरक आहे, तो पाळून विचारता येईल. उत्तर बहुधा दुःखद असेल. नाडी थांबलेल्या अपघातग्रस्तांपैकी फार थोडे वाचतात, हे तुम्ही जाणता. पण ‘मेंदूला झालेली इजा वाचण्यापलीकडची होती’ असे कोणी स्पष्ट सांगितले, तर रात्री चालणारा खटला बंद होण्याची शक्यता वाढते. याच कारणासाठी त्या बाळंतिणीचीही चौकशी करा. तुम्ही नाळेला क्लॅम्प लावला, बाळ कोरडे करून आईच्या छातीवर ठेवले, वर चादर ओढली आणि घड्याळ पाहून जन्मवेळ लिहिली. पुढे ते बाळ दूध ओढू लागले का, घरी गेले का, हे समजणे तुमच्या वाट्याच्या आनंदाचा भाग आहे. या कामाचे समाधानही त्याच दारात अडकून पडते, आणि मग आठवणीत फक्त मृत्यूच साठत जातात.

पायलटशी बोला, पण ‘सगळे एकदाच ओकून मोकळे व्हा’ हा आग्रह ना त्याने तुम्हाला करावा, ना तुम्ही त्याला. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी 1980 च्या दशकात अग्निशामक आणि रुग्णवाहिका दलांसाठी घटनेनंतर लगेच सर्वांना बसवून सविस्तर बोलते करण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे आघातातून गेलेल्या व्यक्तींवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत, अशा एकाच बैठकीने पीटीएसडी टळतो असे दिसले नाही. काहींत तर बोलते केलेल्यांचा त्रास अधिक राहिला. त्यापेक्षा गाडी धुताना दोघांनी सोबत असावे, कोणाला बोलावेसे वाटले तर ऐकावे, जेवून घ्यावे, आणि आज कोण गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही हे एकमेकांना निःसंकोच सांगता यावे. ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणणारा पायलट वाईट नाही. त्याला दुसरे काही म्हणायला कोणी शिकवलेले नाही, इतकेच.

उपचारांविषयी : आघातावर केंद्रित असलेली सीबीटी आणि ईएमडीआर या मानसोपचार पद्धतींचा पीटीएसडीमध्ये चांगला उपयोग होतो, आणि गरज असेल तेथे सर्ट्रालिनसारखी औषधे दिली जातात. झोपेसाठी पेग लावण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. या क्षेत्रातील कितीतरी चांगली माणसे त्या वाटेने वाया गेलेली मी पाहिली आहेत. नोकरीच्या भीतीबाबत सांगायचे, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 यातील कलम 23 नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे तज्ज्ञावर बंधनकारक आहे. मालकाला आपणहून कळवण्याची घाई नको. तालुक्यात तज्ज्ञ नसेल तर 14416 या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

नोकरी सोडण्याचा निर्णय झोप नीट लागू लागेपर्यंत पुढे ढकला. वहिनींना वेडे समजू नका; त्यांना दिसते ते तुम्हाला दिसत नाही. बरे झाल्यानंतरही दवाखाना टाकावासा वाटला तर अवश्य टाका, त्यात पळपुटेपणा काही नाही. आणि जाता जाता एक गाऱ्हाणे मी माझ्याच खात्यावर नोंदवते : 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जण मृत्युमुखी पडले, म्हणून त्या तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. मेलेल्यांची आठवण आपण निष्ठेने ठेवतो. जिवंत परतलेला जवान त्या रात्री झोपला का, हे विचारण्याची जबाबदारी कोणत्याच अधिकाऱ्याच्या कामाच्या यादीत नसते.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि सातारा भागातील एका ट्रेकर गटाबरोबर बचावकार्याला जातो. अलीकडे त्यांनी दरीतून एक मृतदेह वर काढला. तेव्हापासून तो गप्प असतो, तरी रात्री फोन आला की दोर घेऊन निघतो. त्याला पगार नाही की पदक नाही. त्याला अडवावे का?

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. जुलै 2018 मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि एकच जण वाचला, तेव्हा निसरड्या कड्यावरून दोराने उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत तुमच्या मुलासारखी बिनपगारी माणसेच मोठ्या संख्येने होती. ती का जातात, याचे उत्तर दरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या नातेवाइकांकडे पाहिल्यावर मिळते : अंधार पडण्याआधी आपला माणूस वर आला, एवढ्यासाठी ते अनोळखी पोराचे चिखलाचे हात हातात घेतात. हे मोल पदकापेक्षा कमी नाही आणि विशीतल्या मुलाला ते एकदा कळले, की आईच्या मनाईने तो थांबत नाही. फार तर न सांगता जाऊ लागतो.

काही दिवस गप्प राहणे स्वाभाविक आहे. त्याची चौकशी प्रश्नांनी करू नका, ताटाकडे पाहून करा. जेवण, झोप, कॉलेज आणि मित्र हे चारही आठवड्या-दोन आठवड्यांत रुळावर आले तर चिंता नको. त्यातले दोन सुटले तर डॉक्टरांकडे न्या. मोबाइलवर घटनेचे फोटो आणि व्हिडिओ तो पुन्हा पुन्हा पाहत असेल, तर तेवढे मात्र ठामपणे बंद करायला सांगा, कारण त्याने मन त्याच दरीत परत परत उतरते.

खरा प्रश्न गटप्रमुखांना विचारायचा आहे. नवीन मुलांना सुरुवातीला वर दोर सांभाळायला ठेवतात की थेट मृतदेहाला हात लावायला पाठवतात? लागोपाठ दोन मोहिमांनंतर सक्तीची विश्रांती देतात का? मुलांचा अपघात विमा आहे का, आणि मोहिमेनंतरच्या आठवड्यात कोणी ज्येष्ठ त्यांना फोन करतो का? जुन्या, शिस्तीच्या गटांना हे प्रश्न खटकणार नाहीत. ज्यांना खटकतील, त्यांच्याबरोबर मात्र मुलाला जाऊ देऊ नका.