छपाईच्या दुकानात लिनक्स चालेल का?

प्रश्न : शाहूपुरीत माझे छपाईचे छोटे दुकान आहे. विंडोज १० ला मोफत सुरक्षा सुधारणा मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, म्हणून भाचा त्याऐवजी लिनक्स ही संगणक चालवणारी दुसरी प्रणाली बसवा म्हणतो. फुकटच्या वस्तूवर धंदा सोपवावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लिनक्स फुकट मिळते ही दुय्यम बाब आहे, तिचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो, हे तिचे खरे बळ आहे. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशी मुक्त प्रणाली घडवण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलेला लिनक्स हा गाभा (प्रणालीचा मध्यवर्ती भाग) त्याला जोडला गेल्यावर संपूर्ण मुक्त प्रणाली उभी राहिली. आज तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे, त्यामुळे भरवशाचा प्रश्न मला तरी उरलेला दिसत नाही.

तुमची खरी अडचण फॉन्टची असेल. लग्नपत्रिका जुळवण्याचे जुने, युनिकोडपूर्वीचे (सर्व संगणकांवर अक्षरांसाठी एकच संकेत वापरण्याची पद्धत येण्याआधीचे) मराठी प्रोग्रॅम बहुधा विंडोजसाठीच लिहिलेले असतात आणि ते लिनक्सवर चालतीलच असे नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती सुरू करून पाहा. त्यासाठी हार्ड डिस्कवरचे काहीही पुसावे लागत नाही. एक पत्रिका इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर टाइप करून आपल्याच प्रिंटरवर छापा आणि ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रीकृष्ण’ यांतील जोडाक्षरे कागदावर स्वच्छ उमटतात का, ते बारकाईने तपासा. जुन्या फायलींची प्रत मात्र त्याआधीच वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.