जपानी कंपनीची ऑफर: पगाराआधी ओव्हरटाइमचं कलम वाचा

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, जपानी भाषेची एन-४ पातळीची परीक्षा झाली आहे. नागोयाजवळच्या ऑटो पार्ट्स कंपनीची ऑफर आली आहे. तिथले लोक रात्री उशिरापर्यंत राबतात, म्हणूनच त्यांची उत्पादकता जास्त, असं ऐकलं. त्याला झेपेल का? – एक आई, पुणे

उत्तर : जपानची उत्पादकता जास्त, हे सरसकट खरं नाही. ताशी श्रम-उत्पादकतेत जी-७ देशांमध्ये जपान १९७० पासून तळालाच आहे. नाव आहे ते कारखान्याचं. टोयोटाच्या लाइनवर बिघाड दिसला की साधा कामगारही आंदोनची, म्हणजे इशारा देणारी दोरी ओढतो. टीम लीडर धावत येतो, गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेतो दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबते. चूक पुढे सरकत नाही, वेळ तिथे वाचतो.

ऑफिसात तोच वेळ जातो. मीटिंगआधी प्रत्येकाला वेगवेगळं भेटून राजी करायचं (नेमावाशी), मग प्रस्तावाचा कागद सह्या-शिक्के घेत टेबलाटेबलांवरून फिरणार (रिंगी). निर्णयाला आठवडे लागतात. अंमलबजावणी मात्र सहसा अडखळत नाही. त्यातून साहेब बसलेत म्हणून आपणही बसायचं, ही जुनी खोड. म्हणून पोस्टिंग प्लांटवर की ऑफिसात, हे आधी विचारून घ्या.

ऑफर लेटरमध्ये ‘कोतेई झांग्योदाई’, म्हणजे पगारात धरलेला ओव्हरटाइम, शोधा. समजा २,५०,००० येनमध्ये ३० तास धरलेत, तर मूळ पगार तेवढा कमी. त्यावरच्या तासांचे किमान २५ टक्के जादा दराने वेगळे पैसे मिळायला हवेत. ओव्हरटाइमची कायदेशीर मर्यादा एरवी महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास. विशेष करार असला तरी वर्षाला ७२०. परदेशी कर्मचाऱ्यालाही हाच कायदा लागू. धोका असतो तो नोंदच न होणाऱ्या तासांचा. हजेरीची नोंद कशी होते, हे मुलाने मुलाखतीत बिनधास्त विचारावं.

आपली मुलं अडखळतात ती ‘होरेन्सो’वर : कळवणं, संपर्क ठेवणं, सल्ला घेणं. ‘होईल सर’ म्हणायचं आणि अडचण डेडलाइनच्या दिवशी सांगायची, हे तिथे अजिबात चालत नाही. ड्रॉइंगमधलं माप जुळेना तर त्याच दिवशी सांगायचं : काय झालं, काम कुठवर आलंय, काय मदत हवी. हे जपानीतून सांगायला एन-४ तोकडी पडेल. जेएलपीटी, म्हणजे हीच जपानी भाषेची परीक्षा, पुण्यातच होते. रुजू होण्याआधी वरच्या पातळीचा, एन-३चा फॉर्म भरायला सांगा.