'कन्डोन' म्हणजे नुसतं 'माफ करणे' नव्हे

तुम्ही विचारलंय, 'कन्डोन' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय आणि ते 'फरगिव्ह'च्या जागी चालतं का. नाही चालत. या एका शब्दापायी आमच्या घरात नऊ दिवस कागद अडकला होता, म्हणून लिहितेय.

बांधाच्या दाव्याचा निकाल तालुक्याच्या कोर्टात आमच्या विरोधात गेला. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात. नेमकी तेव्हाच आई दवाखान्यात, मी तिच्या उशाशी, आणि मुदत टळली. वकिलांनी मुदत कायद्याच्या (1963) कलम 5 खाली इंग्रजीत अर्ज तयार केला. मथळाच 'कन्डोनेशन ऑफ डिले', म्हणजे झालेला विलंब कन्डोन करावा अशी विनंती. सहीआधी दादाने डिक्शनरी काढली, 'माफ करणे'वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आईचं दुखणं काढलं हा काय गुन्हा झाला? माफी कशाची मागायची?" पेन खाली ठेवलं ते नवव्या दिवशी उचललं.

कलम 5 ला उशिराचं पुरेसं कारण लागतं. आईच्या दुखण्याचे कागद होते, दादाच्या नऊ दिवसांचे कुठून आणणार? अर्ज मंजूर झाला, पण समोरच्या पक्षाला दीड हजार रुपये खर्च द्यावा लागला. तो भुर्दंड डिक्शनरीतल्या त्या अर्धवट अर्थाचा होता, हे मी तेव्हाही बोलले, आजही बोलते.

'फरगिव्ह' माणसाला करता येतं. 'कन्डोन' फक्त कृत्याला, चुकीला, उशिराला. आपलं 'पोटात घालणे' त्याच्या सगळ्यांत जवळचं. सरकारी मराठीत 'सेवाखंड (नोकरीत पडलेला खंड) क्षमापित करणे' म्हणतात ते हेच. रोजच्या इंग्रजीत मात्र हे क्रियापद बहुतेक वेळा नकारासोबत येतं: 'वुई डू नॉट कन्डोन व्हायोलन्स', म्हणजे हिंसा खपवून घेणार नाही. 'खपवून घेणे'सुद्धा आपण असंच नकारात वापरतो.

घटस्फोटाच्या कायद्यात तर हा शब्द फार जड आहे. हिंदू विवाह कायद्याच्या (1955) कलम 23 प्रमाणे, छळ एकदा कन्डोन केला की त्यावर घटस्फोट मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1975 च्या निकालात न्या. य. वि. चंद्रचूड यांनी त्यासाठी दोन गोष्टी सांगितल्या: क्षमा, आणि जोडीदाराला पूर्वीच्या जागी परत घेणं. 'माफ केलं' असं तोंडाने म्हणायलाच हवं असं नाही, पुन्हा संसार सुरू केला तर त्यातूनही ते दिसतं.

मी वकील नाही, तेव्हा कोर्टाच्या कामात तुमच्या वकिलांनाच विचारा. आणि काही जण 'कन्डोन' हे 'समर्थन करणे' या अर्थानेही वापरतात. तुम्ही वापरू नका.

दादा अजून म्हणतो, तू मला कोर्टापुढे माफी मागायला लावलीस. दादा, त्या अर्जात 'आम्हाला माफ करा' असं एकदाही नव्हतं. 'विलंब' असं होतं.