घरच्या छोट्या लेथवर वाफेच्या इंजिनाचं मॉडेल: सिलिंडर-पिस्टन खरंच जमतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: घरी छोटा लेथ आणि ड्रिल मशीन आहे, मिलिंग मशीन नाही. एवढ्यावर चालतं वाफेचं इंजिन बनेल का, आणि सिलिंडर-पिस्टनला लागणारी शंभरांश मिलिमीटरची अचूकता घरी आणायची कशी?

बनेल. मी घरीच तीन बनवली आहेत आणि त्यातल्या पहिल्या दोनांच्या वेळी मिलिंग मशीन नव्हतंच. अचूकतेची धास्ती घेऊन बरेच जण सुरुवातच करत नाहीत, म्हणून आधी त्याबद्दल सांगतो.

ड्रॉइंगमध्ये बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) 12 मिमी लिहिलाय आणि तुमचा 12.07 झाला, तर काहीही बिघडत नाही. पिस्टन त्या बोअरला बसवून करायचा, मग दोघांचं माप कागदाशी जुळो न जुळो. मात्र बोअर गोल हवा, दोन्ही टोकांना सारखा हवा आणि तोंडाशी गुण्यात, म्हणजे काटकोनात हवा. ही चूक नंतर कशानेही भरून निघत नाही. त्यामुळे प्रत्येक पार्ट हातात घेताना मी एवढंच विचारतो: यात काय गुण्यात किंवा समांतर हवं, आणि ते एकाच सेटिंगमध्ये करता येईल का? जॉब (कातायचा तुकडा) चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, काढून परत धरला की थोडा तरी हलतोच.

पहिलं इंजिन ऑसिलेटिंग घ्या. यात सिलिंडरच एका पिनवर झुलतो आणि झुलता झुलता स्वतःच वाफेची भोकं उघडतो, मिटतो. वेगळा व्हॉल्व्ह नाही, तो हलवणारी एक्सेंट्रिक चकती नाही. माझ्या पहिल्याची मापं: बोअर 12, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 20, म्हणजे पिस्टनचा दांडा जिला जोडतो ती क्रँकपिन शाफ्टच्या मध्यापासून 10 मिमीवर, आणि झुलायच्या पिनपासून शाफ्टपर्यंत 50 मिमी.

सिलिंडर गोल बारपेक्षा 25 मिमीच्या चौकोनी पितळी बारचा करा. त्याची एक बाजू आयतीच सपाट मिळते आणि तीच पुढे पोर्टफेस, म्हणजे वाफेच्या भोकाची (पोर्टची) बाजू होते. जॉब फोर-जॉ चकमध्ये (चारही जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या पकडीत) धरा. डायल गेजचं (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचं) टोक त्या बाजूवर टेकवा आणि कॅरेज (टूल धरणारा लेथचा सरकता भाग) मागेपुढे सरकवा. काटा जागचा हलला नाही, की ती बाजू बोअरला समांतर आली. मला याला पाऊण तास लागला होता. तेवढा लागू द्या, पुढचं सगळं इंजिन त्या पाऊण तासावर उभं राहतं. मग त्याच सेटिंगमध्ये फेसिंग (तोंड सपाट कातणं), ड्रिल आणि बोअरिंग (भोक आतून टूलने कातणं) उरकून घ्या.

पितळेत साधं ड्रिल घुसतं आणि एकदम ओढलं जातं. जॉब सरकतो, नाहीतर ड्रिल चक टेलस्टॉकमधून (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारातून) सुटून फिरायला लागतो. उपाय सोपा आहे. ड्रिलच्या दोन्ही धारांवर तेलाच्या पथरीने समोरून दोन-चार हात मारा, म्हणजे धारेला बारीक सपाट पट्टी येते. आता ड्रिल पितळ ओढत नाही, खरवडतं. पितळेसाठी अशी ड्रिलं वेगळी ठेवा, लोखंडात ती नीट चालत नाहीत.

ड्रिल 10.5 पर्यंतच मारा, पुढे बोअरिंग बारने 11.8 पर्यंत जा आणि मग 12 चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार). ड्रिलनंतर लगेच रीमर घालू नका. ड्रिलचं भोक थोडं वाकडं गेलेलं असतं आणि रीमर त्याच वाकड्या वाटेने जातो. तो माप देतो, सरळपणा देत नाही. सरळ भोक बोअरिंग बारच देतो. रीमर नसेल तर शेवटचे दोन कट टूल पुढे न घेता तसेच फिरवा. दाबाने मागे गेलेला बार त्यात उरलेलं काढतो.

बार ताठ असण्याचं महत्त्व वाफेच्या इंजिनाइतकंच जुनं आहे. जेम्स वॉटची अडचण कल्पनेची नव्हती, वाफ धरून ठेवणारा गोल सिलिंडर कोणी करून देत नव्हतं. इंग्रज लोखंड-कारखानदार जॉन विल्किन्सनने बोअरिंगच्या बारला दोन्ही टोकांना आधार दिला आणि 50 इंची सिलिंडर असा काढला, की त्यात जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकीही चूक नव्हती. आपला 12 मिमीचा बोअर त्यापुढे किरकोळ. आपला बार एकाच टोकाला धरलेला असतो, म्हणून तो जाड घ्या आणि टूलपोस्टच्या (टूल धरणाऱ्या खांबाच्या) बाहेर गरजेपुरताच काढा.

आता पिस्टन. इथली माझी चूक दुसऱ्या इंजिनातली. सिलिंडर बीडाचा (ओतीव लोखंडाचा) होता, बोअर 20. पिस्टन हलका हवा म्हणून ॲल्युमिनियमचा केला आणि 0.02 मिमी फट ठेवली. दाबलेल्या हवेवर इंजिन इतकं गुळगुळीत पळालं की मी तासभर नुसता बघत बसलो. वाफेवर काही मिनिटांतच जॅम. ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत साधारण 23 भाग वाढतं, बीड साधारण 11. तापमान 80 अंशांनी चढलं की 20 मिमीवर जवळजवळ 0.02 मिमीचा फरक पडतो, म्हणजे माझी फट संपलीच. तेव्हापासून दोन्ही धातू सारखेच वाढणारे घेतो. पितळी सिलिंडरला फॉस्फर ब्राँझचा पिस्टन छान बसतो. तो बोअरपेक्षा किंचित मोठा ठेवा, मग लेथवर फिरवत बारीक पॉलिश पेपर आणि तेल लावून उतरवा. दर वेळी पुसून घालून बघा. वरचं तोंड बोटाने बंद करून पिस्टन ओढला आणि सोडल्यावर तो परत आत खेचला गेला, की थांबा.

सगळ्यात जास्त इंजिनं वाया जातात ती पोर्टमध्ये. हिशोब असा: सिलिंडर जास्तीत जास्त किती कलतो ते 10 भागिले 50, म्हणजे 0.2 या साइनवरून ठरतं. कोन साधारण साडेअकरा अंश. सिलिंडरचं भोक झुलायच्या पिनपासून 15 मिमीवर असेल तर ते मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 3 मिमी सरकतं. म्हणून ज्याला टेकून सिलिंडर झुलतो त्या उभ्या ब्लॉकवरची दोन भोकं (एक वाफ आत यायचं, एक बाहेर जायचं) मध्यापासून 3-3 मिमीवर येतात. तिन्ही भोकं 3 मिमीपेक्षा लहान हवीत, मी 2.5 ची ठेवतो. मोठी केलीत तर सिलिंडर सरळ उभा असताना दोन्ही भोकं एकदम उघडतात आणि वाफ आत येते तशीच बाहेर जाते.

पण ही भोकं आखणी करून, पंच मारून पाडू नका. लोखंडी पट्टीचा एक जिग (ड्रिलला नेमकी जागा दाखवणारा साचा) करा. त्यात पिनचं भोक, 15 मिमीवर पोर्टचं भोक आणि खालच्या टोकाला, या दोन भोकांच्याच रेषेत, क्रँकपिन सरकेल अशी खाच. हाच जिग आधी सिलिंडरवर ठेवून त्याचं भोक पाडा. मग ब्लॉकवर शाफ्ट आणि क्रँक बसवा, जिग पिनवर लटकवा, क्रँक हाताने फिरवत जिग पूर्ण कलू द्या आणि त्यातूनच ब्लॉकवर ड्रिल मारा. नंतर दुसऱ्या बाजूला तेच. तुमचे 10 मिमी प्रत्यक्षात 9.8 झाले असतील तरी भोकं त्या 9.8 लाच जुळतात. सिलिंडरवरचं पिनचं भोक मात्र बोअरमध्ये आरपार जाऊ देऊ नका. भिंत साडेसहा मिमीची आहे, ड्रिलवर खूण करून पाचला थांबा.

क्रँकपिनचं भोक ड्रिल मशीनवर पाडण्यापेक्षा चकती फोर-जॉमध्ये 10 मिमी सरकवून लेथवरच पाडा. पिन शाफ्टला समांतर नसेल तर सिलिंडर फेऱ्यागणिक पोर्टफेसवरून उचलला जातो आणि वाफ फुसफुसत निघते. सिलिंडर आणि ब्लॉक दोघांचे फेस जाड काचेवर 600 आणि मग 1000 चा पॉलिश पेपर ठेवून, तेल टाकून, आठच्या आकड्यात घासा. आधी मार्करने रेघा मारा. सगळ्या सारख्या पुसल्या गेल्या की फेस सपाट झाला.

फ्लायव्हील बीडाचं ओतीव घेतलंत तर पहिला कट कातडीच्या खाली जाईल एवढा खोल घ्या. वरची कातडी कडक असते, वरवर खरवडलं की टूलची धार जाते. वेगही कमी हवा: मिनिटाला 18 मीटर धरले तर 75 मिमी व्यासाला साधारण 76 फेरे. लेथ इतका हळू चालत नसेल तर सरळ पितळेचं करा. भोक आणि कडा एकाच सेटिंगमध्ये.

बॉयलर इतक्यात करू नका. त्याचं जोडकाम चांदीच्या डाखाचं (सिल्व्हर सोल्डरिंगचं) असतं, वर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पाण्याच्या दाबाची चाचणी. तो वेगळाच विषय आहे. इंजिन आधी हवेवर चालवा, 1 बार (दाबाचं एकक) इतका दाब पुरतो. तेल घाला, सिलिंडर फेसवर धरणारी स्प्रिंग सैल ठेवा आणि फ्लायव्हीलला हाताने धक्का द्या. फिरलं नाही तर स्प्रिंग अर्धा फेरा आवळा आणि फेसच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे सतत एकाच बाजूला आले तर फेस परत काचेवर न्या. चारी बाजूंना आले तर स्प्रिंग अजून सैल आहे.