गुडमार, विजयसार यांचं चूर्ण मधुमेहावर "प्रयोगशाळेत सिद्ध" असतं म्हणजे नक्की काय? वडिलांच्या गोळ्या बंद करून ते सुरू करावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही.

आता "प्रयोगशाळेत सिद्ध"बद्दल. औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मी काम केलं आहे, त्यामुळे हे शब्द पाकिटावर दिसले की मी पहिल्यांदा विचारते, सिद्ध कशावर झालं? काचेच्या नळीत, उंदरावर की माणसावर?

बऱ्याचदा ते फक्त नळीत झालेलं असतं. भात-पोळीतल्या पिष्टाची साखर करण्याचं शेवटचं काम आतड्यातली काही एन्झाइम्स करतात, त्यांना अल्फा-ग्लुकोसिडेज म्हणतात. ती अडवली तर जेवणानंतर साखर हळू चढते. अकार्बोज आणि वोग्लिबोज या गोळ्या हेच करतात. चाचणीत एन्झाइम, वनस्पतीचा अर्क आणि तुटल्यावर पिवळा रंग देणारा एक पदार्थ एकत्र करतात. रंग फिका आला की अर्कानं एन्झाइम अडवलं असं धरतात. एका दुपारचं काम.

मेख अशी की हे एन्झाइम बहुतेक वेळा यीस्टचं असतं, कारण ते स्वस्त पडतं. यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोजचा प्रभाव फारच कमी पडतो. मग कुठलाही पाला "अकार्बोजपेक्षा सरस" ठरतो आणि तसा शोधनिबंधही छापून येतो! त्यात भर टॅनिनची. साली, पानं, हिरडा यांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, दिसेल त्या प्रथिनाला (एन्झाइम हेही प्रथिनच) चिकटतं, म्हणून साधा चहासुद्धा या चाचणीत पास होतो. टॅनिन काढून, सस्तन प्राण्याच्या आतड्यातलं एन्झाइम वापरून तीच चाचणी पुन्हा केली की कित्येक अर्क गळतात. टिकतात तेही आहेत. सप्तरंगीच्या कुळातल्या वनस्पतींमधून जपानी संशोधकांनी वेगळं केलेलं सॅलासिनॉल आतड्यातल्या एन्झाइमलाही अडवतं.

गुडमारची गंमत वेगळी. पान चावून साखर तोंडात टाकली तर नुसती कचकच लागते, गोडी लागत नाही, कारण त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या रेणूंना (रिसेप्टर्सना) चिकटतात. हे खरं आहे, पण त्यावरून रक्तातली साखर उतरते असं म्हणता येत नाही.

पुढची पायरी उंदराची. त्याला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारतात. तुमच्या वडिलांचा मधुमेह टाइप २ असेल, तर तो असा झालेला नसतो. शिवाय मात्रा बघा. मोठ्या उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर नेहमीच्या रूपांतरानं (माणसाला किलोमागे उंदराच्या साधारण एक षष्ठांश मात्रा धरतात) ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम अर्क लागेल. वाळक्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर ४० ग्रॅम पाला. डबीतल्या चमचाभर चूर्णाचा त्याच्याशी काय संबंध?

आणि घटक अस्सल असला तरी तो लगेच औषध होत नाही. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन मिळालं. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवलं की त्यानं साखर लघवीवाटे बाहेर पडते. पण ते तोंडानं घेतलं की आतड्यातच तुटतं आणि रक्तात नीट पोचत नाही. शेवटी रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूतला तुटणारा बंध बदलला, तेव्हा कुठे डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्या. वडिलांच्या चिठ्ठीत कदाचित ती असेलही.

विजयसार, म्हणजे आपला बिवळा, माणसावरच्या चाचणीपर्यंत पोचला याचं मला मनापासून कौतुक आहे. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्यानं निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. निदान झाल्यावर माणूस गोड कमी करतो, चालायला लागतो. त्याचा वाटा किती आणि बिवळ्याचा किती, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.

तरीही वडिलांना चूर्ण घ्यायचंच असेल, तर डबी डॉक्टरांना दाखवा, आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) करून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. "मधुमेह मुळापासून बरा" अशी जाहिरात असेल तर घेऊच नका. १९५४ च्या कायद्यानं तशा जाहिरातीला बंदी आहे. काही "शुद्ध हर्बल" पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी औषधं गुपचूप मिसळलेली सापडली आहेत. आधीच्या गोळ्यांवर ती पडली तर साखर धोकादायक उतरते: दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. म्हणून घरात ग्लुकोज पावडर ठेवा. वडील वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असतील तर चहाची साखर अशा वेळी लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडणारं एन्झाइमच गोळीनं अडवलेलं असतं. ग्लुकोजच द्या, आणि बेशुद्ध असतील तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात न्या.