हट्टीच्या काळ्या दगडात सोनं आहे, मग सोलापूरच्या काळ्या दगडात का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेहुण्यांनी रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीहून, सोन्याच्या खाणीतला एक दगड आणून दिला. काळसर, मध्ये पांढरी पट्टी, कडेला थोडे चंदेरी कण. सोनं कुठेच दिसत नाही. मग ते असतं कुठे? आणि काळ्या दगडात सोनं निघत असेल तर सोलापूरच्या काळ्या दगडात का निघत नाही?

मी बरीच वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना घेऊन हट्टीच्या खाणीत उतरलेही आहे. तुमचा हा दुसरा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारावा म्हणून मी दरवर्षी वाट पाहायची, कारण त्यातच सगळं आलं. तुमच्या हातातला दगड आणि तुमच्या घराच्या पायातला दगड हे जन्माने एकच आहेत. दोन्ही बेसाल्ट, दोन्ही लाव्हा थिजून झालेले. सोलापूरचा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, जमिनीवर पसरलेला. हट्टीचा अडीचशे कोटी वर्षांहून जुना, समुद्राच्या तळाशी ओतलेला. पाण्यात लाव्हा बाहेर पडला की त्याचे उशांसारखे गोळे होतात. हट्टी–मस्की पट्ट्यात त्या उशा अजून ओळखता येतात, फक्त दाबाखाली चेपून लांबट झालेल्या. फरक दगडाच्या जातीत नाही. जन्मानंतर त्याच्यावर जे गुदरलं त्यात आहे.

आधी सोनं किती असतं ते बघू, म्हणजे ते का दिसत नाही हे आपोआप कळेल. हट्टीच्या खनिजात टनामागे साधारण तीन ग्रॅम सोनं धरा. एक टन दगड म्हणजे सत्तर सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, दोन माणसांनाही न हलणारा. त्यातलं सगळं सोनं एकत्र केलं तर पाव तोळा भरेल, आकाराने हरभऱ्याच्या एका दाण्याएवढं. तुमचा दगड अर्ध्या किलोचा असेल तर त्याच्या वाट्याला दीड मिलिग्रॅम येतं. रव्याचा एक कण. तोही एका जागी नाही, अख्ख्या दगडात विखुरलेला. आणि ही भारतातली नावाजलेली, आजही चालू असलेली खाण आहे!

आता उलट बाजूने बघा. पृथ्वीच्या कवचातल्या कुठल्याही साध्या दगडात टनामागे एक ते चार मिलिग्रॅम सोनं असतंच. तुमच्या अंगणातल्या फरशीतही आहे. म्हणजे हट्टीत कुणीतरी ते हजार पटीने गोळा केलं. ‘सोनं कुठे आहे’ यापेक्षा ‘सोनं गोळा कुणी केलं’ हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आहे पाणी.

हे पाणी विहिरीतलं नव्हे. समुद्रतळाचा लाव्हा थंड होताना आणि नंतर पाण्यात राहून त्यातली खनिजं पाणी धरून ठेवतात. पुढे भूखंडांच्या हालचालीत हा सगळा पट्टा दहा-वीस किलोमीटर खोल दाबला जातो, तापतो, आणि खनिजांतलं ते पाणी पिळून बाहेर निघतं. सोबत कार्बन डायऑक्साइड आणि गंधक येतं. हे काहीशे अंश तापमानाचं, गंधकयुक्त पाणी दगडाच्या कणाकणातून झिरपताना तिथलं मिलिग्रॅममधलं सोनं उचलतं. सोनं कशातच विरघळत नाही असं आपण ऐकत आलो, पण गरम पाण्यात विरघळलेल्या गंधकाशी त्याची जोडी जमते आणि ती जोडी पाण्याबरोबर प्रवास करते. मैलोन्‌मैल दगडातून थोडं थोडं उचललेलं सोनं असं वर येऊ लागतं.

वर येण्यासाठी वाट हवी. हट्टीला ही वाट म्हणजे शिअर झोन, जिथे दगडाचे दोन भाग एकमेकांवर घासत सरकले आणि मधला पट्टा चुरगळून पानापानांचा झाला. असे साधारण नऊ पट्टे तिथे एकमेकांना समांतर आहेत, उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय अशा दिशेने धावणारे आणि जमिनीत जवळजवळ उभे उतरणारे. खाणीत त्यांना रीफ म्हणतात आणि प्रत्येकीला नाव आहे: ओकलीज रीफ, मिडल रीफ, व्हिलेज रीफ, स्ट्राइक रीफ. काही ठिकाणी रीफची रुंदी जेमतेम मीटरभर असते. दोन पावलं इकडे किंवा तिकडे सरकलात की साधा दगड.

तुमच्या दगडातला काळा भाग नीट उन्हात धरा. तो सगळा एकसारखा काळा नसेल. हट्टीचा मूळ बेसाल्ट उष्णतेने आणि दाबाने बदलून अँफिबोलाइट झाला आहे. त्यातलं मुख्य खनिज हॉर्नब्लेंड, हिरवट काळं आणि घट्ट. पण रीफच्या जवळ जे पाणी आलं त्याने पोटॅशियम आणलं, आणि हॉर्नब्लेंडचं रूपांतर बायोटाइटमध्ये, म्हणजे काळ्या-तपकिरी अभ्रकात झालं. ते नखाने खरवडलं तर पापुद्रे सुटतात. विद्यार्थी खाणीत शिरले की सगळे पांढऱ्या गारेकडे (म्हणजे क्वार्ट्झकडे) धावायचे. मी त्यांना मागे ओढून आधी भिंतीवर हात फिरवायला सांगायची. दगड खरखरीत होता तो गुळगुळीत, चिकणा लागू लागला की समजायचं, पाणी इथून गेलं होतं. गार मोहक दिसते, पण मला विचाराल तर हट्टीची खरी खूण हा तपकिरी अभ्रक आहे.

सोनं नेमकं तिथेच का उतरलं, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. बेसाल्टमध्ये लोह भरपूर. पाण्यातलं गंधक लोह दिसताच त्याच्याकडे जातं आणि त्यांचं सल्फाइड खनिज तयार होतं. गंधक गेलं की सोन्याची जोडी मोडते. एकटं सोनं पाण्यात राहू शकत नाही, ते तिथल्या तिथे खाली बसतं. म्हणून लोहाच्या दगडाने सोनं अडवलं असं म्हणायला हरकत नाही. आणि म्हणूनच सोनं शोधताना आपण सोनं शोधत नाही, सल्फाइड शोधतो.

तुमचे ते चंदेरी कण बहुधा तेच आहेत. हट्टीत मुख्य सल्फाइड आर्सेनोपायराइट, म्हणजे लोह, आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. रंग चांदीसारखा पांढरट, आकार बारीक सुया किंवा चौकटीच्या पतंगासारखा. हातोड्याचा घाव बसला की लसणासारखा वास येतो. त्याच्या जोडीला ब्राँझसारखा पायऱ्होटाइट (हा थोडा चुंबकाला लागतो), पितळी पायराइट आणि अधूनमधून चाल्कोपायराइट. पिवळ्या कणांना भुलू नका. आयुर्वेदात ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात त्याच घराण्यातले ते. सुई टोचून पाहा: सोनं दबतं, हे कण चुरा होतात. नाहीतर बिनचमकीच्या चिनीमातीवर घासा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते, यांची काळपट.

खरं सोनं या आर्सेनोपायराइटच्या भेगांत, कडांवर आणि पोटात बसलेलं असतं. काही कण सूक्ष्मदर्शकाखाली पिवळेजर्द दिसतात, थोडी चांदी मिसळलेले. काही सोनं तर सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही, ते स्फटिकातल्या अणूंच्या जाळीतच अडकलेलं असतं. त्याला शास्त्रज्ञ अदृश्य सोनं म्हणतात आणि लेझरने स्फटिक जाळून त्याची वाफ मोजून ते ओळखतात. पुढच्या काळात दगड पुन्हा हलला, स्फटिकांना तडे गेले, तेव्हा यातलं काही सोनं जाळीतून सुटून तड्यांमध्ये जमलं आणि दिसू लागलं.

पांढऱ्या पट्टीबद्दल. ती एकसंध आहे की तिच्यात काळ्या बारीक रेघा आहेत? रेघा असतील तर तुम्ही भाग्यवान, कारण हट्टीची पदरापदरांची गार तुमच्याकडे आली आहे. खोलात पाण्याचा दाब वाढत वाढत जातो, एका क्षणी दगड फाटतो (त्या काळचा भूकंपच), पाणी भेगेत घुसतं, दाब एकदम उतरतो, त्यात विरघळलेल्या सिलिकेची, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाची, गार बनते आणि भेग बुजते. मग पुन्हा दाब वाढतो. चिरोट्याच्या पदरांसारखा प्रत्येक थर म्हणजे असं एकेक फाटणं. मधली काळी रेघ म्हणजे भिंतीपासून सुटून आलेला अभ्रकाचा पापुद्रा. हट्टीत डोळ्यांना दिसणारं सोनं क्वचित कधी मिळतं ते याच गारेत. एकदा आमच्या गटातल्या एका मुलीला भिंगातून तसा एक ठिपका दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. आम्ही पाळीपाळीने भिंगाला डोळा लावून पाहिला. तिथले कामगार आमचा उत्साह पाहून हसले नाहीत, उलट दिवा धरून उभे राहिले.

आता सोलापूर. आपल्या बेसाल्टला लोहाची कमी नाही, म्हणजे सोनं अडवणारा आहे. पण त्याच्याकडे सोनं घेऊन येणारं कुणी नाही. ६.६ कोटी वर्षांत तो कधी खोल दाबला गेला नाही, पिळला गेला नाही, घडीवर घडी पडली नाही. थर आजही जवळजवळ आडवे आहेत, घाटातून जाताना पायऱ्यांसारखे दिसतात ते त्यामुळेच. पाणी त्यातूनही फिरलं, पण ते वरवरचं, तुलनेने थंड आणि गंधक नसलेलं. त्याने पोकळ्यांमध्ये झिओलाइट, अकीक, कॅल्साइट अशी खनिजं ठेवली. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहांत मानाने बसतो. आपल्या दगडाला पाण्याने दिलं नाही असं नाही, वेगळं दिलं.

आणि हट्टीचा खडक सोलापूरपर्यंत येत नाही असंही समजू नका. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्र घेतलं तेव्हा सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट जुना ग्रॅनाइट-नीस (दाबाने, उष्णतेने बदललेला पट्टेरी खडक) लागला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटर बेसाल्ट, काही मीटर गाळ आणि खाली पुन्हा तोच अतिप्राचीन पाया. कर्नाटकात उघडा असलेला हा पाया (भूशास्त्रात त्याला धारवाडचा म्हणतात, हट्टी त्यातलीच) आपल्याकडे लाव्ह्याच्या गोधडीखाली झाकलेला आहे. मात्र जमिनीवर रीफ डोळ्यांना दिसत असतानाही तिच्यातला सोन्याचा भाग सापडणं अवघड असतं. कित्येकशे मीटर बेसाल्टखाली मीटरभर रुंदीची रीफ शोधायची म्हणजे काय, याची कल्पना करा. गोधडी जिथे संपते तिथे, पूर्व विदर्भात, चित्र बदलतं. साकोली पट्ट्यात आणि नागपूर जिल्ह्यात परसोडीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोनं मिळालेलं आहे.

हट्टीला मात्र रीफ उघड्यावर होती, आणि आपल्या आधीच्या माणसांनी ती आपल्याही आधी ओळखली. आधुनिक खाणकाम सुरू झालं तेव्हा जुन्या लोकांचं खोदकाम सुमारे १९० मीटर खोलपर्यंत गेलेलं सापडलं. त्यातल्या लाकडाचं वय सुमारे दोन हजार वर्षं निघालं. पंप नाही, सुरुंग नाही. दगड आगीने तापवून त्यावर पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा, वर आणून उखळीसारख्या खळग्यांत कुटायचा आणि धुवायचा. तसे खळगे त्या परिसरातल्या कातळावर आहेत. जवळच मस्कीला अशोकाचा शिलालेख आहे, ज्यात ‘अशोक’ हे नाव स्पष्ट वाचता आलं. तो १९१५ मध्ये सापडला तोही सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या सी. बीडन नावाच्या खाण अभियंत्याला. त्या खोदणाऱ्यांना आर्सेनोपायराइट हे नाव ठाऊक नव्हतं, पण रीफ कुठे सोडायची आणि कुठे धरायची हे त्यांना अचूक कळत होतं. त्या अंधाऱ्या बोगद्यांपुढे उभं राहिलं की मला फार आदर वाटतो.

आजही पद्धतीचं तत्त्व फारसं वेगळं नाही. दगड पिठासारखा दळतात, जड कण गुरुत्वाने वेगळे करतात आणि उरलेलं सोनं सायनाइडच्या द्रावणात विरघळवून परत मिळवतात. पहिला टप्पा पाहायचा असेल तर हट्टीला जायचीही गरज नाही. कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांच्या दुकानातला केर धुणारे झारेकरी नेमकं तेच करतात: माती वाहून जाते, सोनं तळाशी राहतं.

शेवटी कळकळीची एक सूचना. दगड ठेवा, भिंगाने रोज बघा, पण त्यातून सोनं काढायच्या मोहाने तो चुलीवर किंवा गॅसवर तापवू नका, घरात कुटूही नका. आर्सेनोपायराइट तापलं की आर्सेनिकची विषारी वाफ निघते, आणि लसणाचा जो वास मी सांगितला तो मुद्दाम हुंगायचा नसतो. दगड हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांपासून लांब, काचेच्या डबीत ठेवा. पांढऱ्या पट्टीत रेघा आहेत का तेवढं मात्र कळवा, आणि जमलं तर उन्हात काढलेला फोटो टाका.